अर्धा इंच माया

ब्राइटलिंगसीला अजून शिडं शिवतात,
खाडीकाठी, जुन्या गोदामाच्या माळ्यावर.
बेरिल ओट्ली, वय एकाहत्तर, गुडघ्यांवर चामड्याची ठिगळं,
मला म्हणाली, "हा तुझा पेशंट."

साडेपाच फूट लांब, चाकांच्या पायांवर उभा,
पेनाने रेघा ओढणारा प्लॉटर.
एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा. आठ पेनांचं चक्र,
त्यातली सात वाळून खडखडीत,
आठव्याच्या टोपणावर कुणाच्या तरी दातांच्या खुणा.
"रॉयच्या," ती म्हणाली.
पुढे काही बोलली नाही.
मी झाकण काढलं.

रबरी चाकांचं डांबर झालेलं. बोटांना चिकटलं ते
तीन दिवस निघेना, कणीक मळताना दिसत राहिलं.
पट्टा मधोमध तुटलेला, त्याचे बारीक दात
तळाशी सांडलेले, काळ्या तिळांसारखे.

कंपनीतला पोरगा नम्र होता.
म्हणाला, या नंबरचा पार्ट आमच्याकडे नाही.
मग थोडं थांबून:
या नंबरचा पार्ट कधी होता असंही इथे दिसत नाही.

"नवा घ्या ना," मी म्हणाले. मलाही पोट आहे.
"नवे शाई फवारतात. हे कापड शाई पीत नाही,
त्याच्यावर दाबूनच लिहावं लागतं."

मग महिनाभर वणवण.
चाकांना माशांच्या टाकीची नळी कापून चढवली
(दुकानदाराने विचारलं, कुठले मासे पाळता?)
आणि पट्टा सापडला पार थर्सोला,
ज्याच्या वर नकाशात फक्त पाणी उरतं.
मॅग्नस स्वॉनसन, निवृत्त भूमापक.
त्याच्या असल्याच प्लॉटरवर टोमॅटोची रोपं ठेवलेली.
ओटच्या खोक्यातून पट्टा आला, सोबत चिठ्ठी:
एक टोक कुत्र्याने चावलंय, तेवढं तुम्हाला लागणार नाही.
पैसे नकोत. चाललाच, तर त्याने काढलेलं काहीतरी पाठवा.

चालला.
आधी कण्हला, डाव्या भिंतीवर जाऊन आपटला,
मग कोमट पाण्यात जागं केलेलं रॉयचं पेन उचललं.
मी वर्तुळ मागितलं.
रेघ निघाली, फिरली, परत आली,
आणि जिथून निघाली त्याच्या शेजारी येऊन थांबली.
दीड मिलिमीटर.
पुली आवळली. पट्टा ताणला. दीड मिलिमीटर.
सातव्यांदा हात टेकले.

आईचा बार्शीत शिवणाचा क्लास होता.
आखणी झाली की ती मुलींच्या पाठीमागून फिरायची,
"माया सोडलीस का? अर्धा इंच माया सोड गं,
अंग भरतं, कापड आटतं, हात चुकतो."
मला चुकणारा हात नको होता.
मी डिप्लोमाला गेले, जिथे केसाचीही जाडी मोजतात.
लग्नातला ब्लाउज तिनेच शिवलेला.
दोनदा उसवून सैल केला मी या देशात,
अजून आत बोटभर माया शिल्लक आहे.

बेरिल वर्तुळापाशी वाकली,
अंगठ्याचं नख त्या फटीत ठेवलं.
"हे होय? हे शिवणीत जाईल."

इंग्रजीत त्या पट्टीला भत्त्याचाच शब्द आहे.
आमचा मी तिला सांगितला नाही.
सांगायला बसले असते तर दुपार गेली असती,
आणि खाली कुणी शिडासाठी थांबलं होतं.

आठवं वर्तुळ, तसंच उघडं,
गुंडाळून थर्सोच्या खोक्यात घातलं.
पत्ता लिहून वर पाहिलं
तर बेरिल माझ्या तोंडाकडे बघत होती.

सकाळपासून रॉयचं टोपण
माझ्या दातांत होतं.